काचेवरची ईश्वरी

श्रावणातल्या शनिवारी, देवधरांच्या स्वयंपाकघरात सत्यनारायणाच्या प्रसादाचा रवा अर्धा भाजून झाला होता, तेव्हा ईश्वरीच्या चौथ्या गोळीनं दगा दिला.

तिला स्वतःला ते कळलंच नाही. देवधर वहिनींना आधी कळलं. त्या ईश्वरीचा बाहेर ठेवलेला फोन हातात घेऊन आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"ईश्वरी, अगं, तुझा ठिपका लाल झालाय."

"कधी?"

"आत्ताच. मला वाटलं नेटवर्कचं काहीतरी असेल, म्हणून दोनदा उघडून पाहिला." वहिनींनी आवाज खाली आणला. "वाईट वाटून घेऊ नकोस हं. मी यातलं काही मानत नाही. पण सासूबाई आहेत, गुरुजी येऊन बसलेत…"

'मी काही मानत नाही' हे गेल्या आठ महिन्यांत ईश्वरीनं इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं होतं, की मानणारी बाई नेमकी राहते तरी कुठं, हे तिला एकदा बघायचंच होतं. तिनं गॅस बंद केला. कोपऱ्यात स्टुलावर बसून केळी सोलणाऱ्या विद्याताई, म्हणजे तिच्या सासूबाई, गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि त्यांनी तिच्या हातातलं उलथनं घेतलं.

ईश्वरी मागच्या दारानं बाहेर पडली. गरम कढईत हलवल्याशिवाय ठेवलेला रवा बुडाशी लागतो, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. राग इतका आला होता की रडूही येईना.

हा ठिपका काही कुणी सक्तीचा केलेला नव्हता. 'ऋतुमान' ही सेवा निघाली ती बायकांच्या सोयीसाठी, आणि खरोखरच सोयीची होती. नखाएवढी पट्टी आतल्या कपड्याला चिकटवायची. रक्ताचा थेंब लागला की फोनवरचा हिरवा ठिपका लाल व्हायचा. परीक्षेला बसलेल्या मुली, लांबच्या प्रवासाला निघालेल्या बायका, शस्त्रक्रियेच्या टेबलाशी सहा सहा तास उभ्या राहणाऱ्या डॉक्टरणी, सगळ्यांनी तिला दुवा दिला. मग पुण्यातल्या कुणा हुशार बाईनं सोवळ्यातल्या स्वयंपाकाच्या आपल्या जाहिरातीत तो हिरवा ठिपका टाकला आणि खाली लिहिलं, 'खात्रीचं सोवळं'. झालं! वर्षभरात सांगली-मिरजेतही लोक मेनू ठरवायच्या आधी ठिपका मागू लागले. पूर्वी ज्या गोष्टीबद्दल कुणी तोंडानं विचारायला धजत नसे, ती आता फोन न विचारता सांगत होता.

विद्याताईंनी सत्तावीस वर्षं हे काम केलं होतं. मुंजी, श्राद्धं, गौरी, सत्यनारायण. दोन्ही गुडघे बदलल्यावर त्यांना उभं राहवेना, तेव्हा ईश्वरीनं ऑफिसातली नोकरी सोडून ते हाती घेतलं, आणि तेही कुणाच्या आग्रहाखातर नव्हे. पुरण नेमकं कुठल्या क्षणी गॅसवरून उतरवायचं हे हाताला कळतं, त्याचं तिला वेड लागलं होतं. सांगलीत या कामाचं मानाचं घर एक, एकसंबेकरांचं. त्यांच्या गौरींचं जेवण म्हणजे सोळा भाज्या आणि ऐंशी पानं. ते जेवण सुखरूप पार पडलं की वर्षभर बोलावणी येत राहत. तिथं लाल ठिपका पडला, तर दुपारपर्यंत गावभर होणार होतं आणि ईश्वरीला पुन्हा कुणी चुलीशी उभं करणार नव्हतं. गौरींना तीन आठवडे उरले होते.

आता गोळीचं. तिला आणि तिच्या नवऱ्याला, ऋतुराजला, एवढ्यात मूल नको होतं, म्हणून ती गोळी घेत होती. गोळी घेणाऱ्या बाईला मध्येच डाग का पडतात, याचं कारण तसं साधं आहे. गोळीतल्या संप्रेरकांमुळे गर्भाशयाच्या आतलं अस्तर पातळ राहतं. त्यातल्या रक्तवाहिन्याही नाजूक; कुठं एखादी फुटते आणि पाळीचे दिवस नसताना कपड्याला डाग लागतो. बहुतेकदा त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. नव्या गोळीला शरीर सरावायला साधारण तीन महिने लागतात आणि मग डाग बहुधा आपोआप थांबतात. पण कुठली गोळी कुणाला मानवेल हे आधी सांगता येत नसे. डॉक्टर एक देत, नाहीच जमली तर काही महिन्यांनी दुसरी.

ऋतुमाननं इथंच बाजी मारली. पाळीच्या रक्तातून अस्तराच्या मूळ पेशीही वाहून येतात. त्या वेचून कंपनीनं काचेच्या पट्टीवर साबुदाण्याएवढं अस्तर वाढवलं, त्या त्या बाईचं स्वतःचं. असे चाळीस दाणे, आणि प्रत्येक दाण्याला बाजारातली एकेक गोळी. तिथली संप्रेरकं भराभर बदलून तीन महिन्यांचा काळ नऊ दिवसांत उरकायचा. जो दाणा फुटला नाही, त्याची गोळी त्या बाईला. बंगळुरूच्या प्रयोगशाळेत ठेवलेल्या या दाण्यांना कंपनी 'तुमची प्रतिमा' म्हणत असे. ईश्वरी तिला काचेवरची ईश्वरी म्हणायची, आणि अलीकडं दातओठ खाऊन म्हणायची.

कारण काचेवरच्या ईश्वरीला कधी डागच पडत नसे. इकडे खरीला जानेवारीत पडला, एप्रिलमध्ये पडला, वटपौर्णिमेनंतर पडला. दर वेळी फोन विचारी, 'गोळी चुकली का?' खाली दोन बटणं. ती 'नाही' दाबे. मग फोन म्हणे, 'नीट आठवून पाहा.' दोन महिन्यांत तीन लाल ठिपके झाले की घरी नव्या गोळीचं पाकीट येई.

त्या शनिवारी संध्याकाळी पाचवं आलं. त्याच्या शेजारी टेबलावर चालू पाकीट पडलेलं होतं. ते तिनं कपाटात ठेवलं होतं, टेबलावर नव्हे.

"तू गोळ्या मोजल्यास?" तिनं विचारलं.

ऋतुराज सौरपंपांच्या कंपनीत दुरुस्ती बघायचा. पंप बंद पडला की आधी शेतकऱ्याचं काय चुकलं ते शोधायचं, ही त्याची रोजची सवय. तो ओशाळला. "सहज बघितलं. म्हणजे… मशीन सांगतंय की या गोळीला डाग पडायला नको. मग एखादी राहिली असेल असं वाटलं."

"मग? राहिली होती?"

"नाही. बरोबर आहेत."

"मी सांगितलं होतं तुला बरोबर आहेत म्हणून. तीन वेळा सांगितलं होतं."

"चिडू नकोस ना. मी तुझ्याच बाजूनं…"

"माझ्या बाजूचा माणूस माझी पाकिटं उलटीपालटी करत नाही, ऋतुराज."

तिनं तिरीमिरीत ऋतुमानच्या मदत-सेवेला फोन लावला. यंत्राचा आवाज मधाळ होता. "ईश्वरीताई, आपल्या प्रतिमेवर ही गोळी अठ्ठ्याण्णव टक्के यशस्वी आहे."

"मग गौरीचा स्वयंपाक प्रतिमेलाच सांगा."

"क्षमस्व, समजलं नाही. आपली एखादी गोळी चुकली का?"

ईश्वरीनं फोन सोफ्यावर भिरकावला. पाचवं पाकीट तिनं फोडलंच नाही.

सोमवारी ती मिरजेला डॉक्टर तस्नीम बागवान यांच्याकडे गेली. साठीच्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या या बाईंचा दवाखाना अजून माणसांच्या रांगेवर चालायचा. त्यांनी आधी गर्भ राहिला नसल्याची खात्री केली, जंतुसंसर्ग नाही ना ते पाहिलं, सोनोग्राफी केली. सगळं व्यवस्थित होतं.

"आता मला लाल दिवसांच्या तारखा दाखव," त्या म्हणाल्या. "ग्राफ नको. नुसत्या तारखा."

ईश्वरीनं फोनवरून तारखा वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या तारखेला तिची जीभ अडखळली. या तारखा तिच्या ओळखीच्या होत्या. स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरच्या चौकोनांत ती ऑर्डरी लिहायची: चिवट्यांची मुंज, रामनवमीचा प्रसाद, अक्षय्य तृतीया, वटपौर्णिमा, गेल्या मंगळवारची मंगळागौर. जानेवारीतला पहिला डाग ऐन हळदीकुंकवाच्या दिवशी पडला होता. तो एक सोडला, तर प्रत्येक लाल दिवस कुठल्या ना कुठल्या ऑर्डरीनंतर तीन-चार दिवसांनी आलेला होता.

"कामाच्या दिवशी कधी पडत नाही," ती सावकाश म्हणाली. "काम झालं की पडतो. परवाची सत्यनारायणाची ऑर्डर गुरुवारी अचानक आली, म्हणून सापडले."

"अचानक आली नसती, तर काय केलं असतंस?"

"तर ती पांढरी गोळी…"

"कुठली पांढरी?"

"ती हो. पाळी पुढं ढकलायची. चार दिवस आधीपासून घेते. जानेवारीत हळदीकुंकवाला फजिती झाली, तेव्हापासून प्रत्येक ऑर्डरीला घेते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "फॉर्मवर विचारलं होतं ना, आणखी कुठलं औषध घेता का म्हणून?"

"हो. नाही लिहिलं मी." ईश्वरीचा चेहरा उतरला. "ते औषध आहे असं कधी मनातच आलं नाही. घरात ती औषधांच्या डब्यात नसतेच. कापराच्या डबीत असते, वातींच्या शेजारी."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण त्यात चीड होती. "तू एकटी नाहीस. रमजानमध्ये माझ्याकडच्या किती बायका घेतात, रोजे सुटू नयेत म्हणून. फॉर्मवर एकीनं लिहिलं असेल तर शपथ. आणि फॉर्म करणाऱ्यालाही कधी सुचलं नाही, की 'देवासाठी काही घेता का' असं विचारावं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. रोजच्या गोळीवर ही दुसरी चढवली की अस्तर काही दिवस आणखी दाबलं जातं. ती अचानक सोडली की अस्तराचा एक आधार जातो आणि तीन-चार दिवसांत रक्त येतं. यंत्राला वाटतं, रोजचीच गोळी फसली. ते नवी देतं. नव्या गोळीला तीन महिने हवेत, ते मिळायच्या आत पुढची ऑर्डर, पुन्हा पांढरी गोळी, पुन्हा डाग, पुन्हा नवी गोळी.

"काचेवरच्या तुझ्या त्या दाण्याला कुणी पांढरी गोळी दिली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याच्या घरी मंगळागौर नसते."

"आता काय करू?"

"पाचवीला हात लावू नकोस. चौथीच ठेव, रोज एका वेळेला. पांढरी बंद. तीन महिने मध्ये डाग पडतील, पडू देत. तेवढ्यानं गोळी निकामी होत नाही. कपडे भरून जायला लागले किंवा पोटात दुखलं, तर मात्र लगेच ये."

"पण तीन आठवड्यांवर गौरी आहेत, डॉक्टर."

"ते माझ्या शास्त्रात बसत नाही, बाळ. ते तुझं तू ठरव."

घरी तिनं सगळं सांगितलं. ऋतुराज म्हणाला, "पाकीट पुन्हा नाही बघणार मी." तेवढंच म्हणाला, तिलाही तेवढंच हवं होतं. विद्याताईंनी मात्र कपाळाला हात लावला.

"बंद कर, नाही कोण म्हणतंय? पण एवढी एक गौर होऊ दे."

"आई, दर वेळी एवढी एकच असते."

"अगं, एकसंबेकर आहेत ते! लाल झाला तर उभं करतील का तुला दारात? सत्तावीस वर्षांचं घर आहे."

"आणि घेतली, तर गौरीनंतर पुन्हा डाग, मग सहावी गोळी. नवरात्रात पुन्हा पांढरी. कधी संपायचं हे?"

गौरींच्या चार दिवस आधी सकाळी ईश्वरीच्या चहाशेजारी बशीत एक पांढरी गोळी आली. तिनं ती उचलून कापराच्या डबीत परत ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बशी आली. तिनं पुन्हा परत ठेवली. तिसऱ्या दिवशी बशी आली नाही, आणि त्या दिवशी दोघी एकमेकींशी बोलल्याही नाहीत.

गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी सहाला न्हाणीघरात ईश्वरीनं पाहिलं. डाग होता. फार नाही, चिमटीएवढा तांबूस. आठ महिन्यांची सगळी चीड उफाळून आली. कुणावर काढणार? गोळीवर, यंत्रावर, गौरींवर? ती थोडा वेळ तशीच ओल्या केसांनी उभी राहिली. मग तिनं कपड्याची पट्टी ओढून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

एकसंबेकरांकडे सातला डाळ शिजायला लागली. काकू पंचाहत्तरीच्या, अजून ताठ. त्यांना गौरी सजवण्यातून सवड झाली ती सव्वाआठला. तोवर डाळ वाटून झाली होती आणि पुरण गुळासकट चुलीवर आटत होतं. ईश्वरीचा फोन नेहमीप्रमाणे बाहेर बाकावर ठेवलेला होता. काकू तो हातात घेऊन दाराशी आल्या.

"ईश्वरी, ठिपका राखाडी दिसतोय गं."

"पट्टी काढली मी, काकू."

"काढलीस? मग मला कळणार कसं?"

ईश्वरीनं मागच्या वेळेसारखा गॅस बंद केला नाही. हातातला डाव ढवळत ठेवूनच तिनं मान वळवली. "मला विचारा ना. सगळे फोनलाच विचारतात. मला कुणी विचारतच नाही."

काकू अवघडल्या. हे तोंडानं विचारायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती. "मग… आहे का काही?"

नाही म्हणणं फार सोपं होतं. पट्टी कचऱ्यात होती, विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. पण आपल्या शब्दावर विश्वास ठेवा म्हणायचं आणि पहिलाच शब्द खोटा द्यायचा, हे तिच्यानं होईना.

"हो. सकाळपासून थोडा डाग आहे. पाळी नाही, गोळीचा आहे. पण आहे."

काकूंचा चेहरा लांब झाला. "अगं, मग डाव खाली ठेव. मी काही मानत नाही, पण आजचा दिवस…"

"वहिनी," कोपऱ्यातून काकूंना हाक आली.

विद्याताई स्टुलावर बसून भाज्या चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. "सत्तावीस गौरी जेवल्या तुमच्याकडं माझ्या हातच्या. पहिल्या वर्षी मला ती पांढरी गोळी कुणी दिली होती, आठवतं?"

काकूंची नजर देवघराकडे गेली.

"तुम्हीच दिलीत. तुमच्या देवघरातल्या कापराच्या डबीतून. तेव्हापासून माझ्या घरीही ती तिथंच राहिली. मी दर वर्षी घेत आले, तरी दोन वर्षं ती फसली. एकदा पुरण वाटताना, एकदा पोळ्या लाटताना. ठिपका नव्हता तेव्हा, कुणाला कळायचं कारण नव्हतं. मी कपडा बदलून आले आणि पुढची पोळी लाटली. गौरी जेवल्या. तुम्ही जेवलात. दुसऱ्या खेपेला तर त्याच साली तुमच्या लेकीचं लग्न ठरलं."

"दोन वर्षं?" काकूंनी क्षीण आवाजात विचारलं.

"तीन असतील. मी कधी खोटं बोलले नाही, वहिनी. मला कुणी विचारलंच नाही. ही पोरगी मात्र विचारल्यावर खरं बोलली, आणि तुम्ही तिला बाहेर काढताय. ती जाणार असेल, तर मीही उठते."

ईश्वरी सासूबाईंकडे बघतच राहिली. बशीत गोळी ठेवणारी बाई ती हीच.

काकू पाटावर बसल्या. बाहेरच्या खोलीत सजलेल्या दोघी गौरी दिसत होत्या. काकूंनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा कढईकडे. "मी तर…" असं काहीतरी पुटपुटल्या आणि वाक्य त्यांनी गिळलं. स्वयंपाकघरात पुरणाचा फदफद आवाज तेवढा येत राहिला. ईश्वरीचा हात थांबला नव्हता, कारण या वेळी थांबला असता तर पुरण लागलं असतं.

तेवढ्यात काकूंच्या हातातला फोन थरथरला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

"हा विचारतोय, नोंद का थांबली म्हणून. आणि… गोळी चुकली का?"

"नाही म्हणावं," ईश्वरी म्हणाली.

"नक्की?"

"नक्की, काकू."

काकूंनी पदराला बोट पुसलं, फोनवरचं 'नाही' दाबलं आणि फोन बाकावर पालथा ठेवला. मग त्या उठून कढईशी आल्या, वाकून पुरणाचा वास घेतला आणि म्हणाल्या, "जायफळ मी किसून देते. गेल्या वर्षी जरा कमी पडलं होतं."